जबरी चोरीची शिक्षा ठरवताना घरच्या परिस्थितीचे वजन कसे करायचे

"आरोपी तरुण आहे, गरीब आहे, घरात एकटाच कमावता आहे, पहिलाच गुन्हा आहे, कमीत कमी शिक्षा व्हावी." शिक्षेबाबतच्या सुनावणीत हे वाक्य ठरलेले असते आणि रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीतही, ते असेच उतरते. त्याने शिक्षेत फरक मात्र पडत नाही, कारण चारपैकी एकाही गोष्टीला कागद जोडलेला नसतो आणि ती गोष्ट खरी असली तर शिक्षा नेमकी कुठे कमी व्हावी हे कोणी सांगितलेले नसते. पुढचे सगळे त्यासाठी आहे. खानदेशातल्या तालुका न्यायालयांत नव्याने रुजू झालेले न्यायदंडाधिकारी आणि लोकअभिरक्षक कार्यालयातले (गरीब आरोपींची बाजू फुकट मांडणारे) वकील, दोघांनाही ते उपयोगी पडावे.

इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या लुटीसाठी शिक्षेचे तक्ते ठरलेले आहेत. आपल्याकडे तसे काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध प्रेम सागर या निकालात ही उणीव स्पष्ट बोलून दाखवली. साध्या जबरी चोरीला कायदा दहा वर्षांपर्यंत म्हणतो, खालची मर्यादा सांगत नाही. मधली सगळी मोकळी जागा न्यायाधीशाने कारणे लिहून भरायची असते.

आधी कलम पक्के करा

घरची परिस्थिती किती कामाला येईल हे कलमावर ठरते. काही कलमांत परिविक्षेचे, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचे, दार उघडे असते. काहींत ते बंद असते.

गुन्ह्याची तारीख पाहा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. ३० जूनच्या रात्री मंगळसूत्र गेले असेल तर निकाल आज लागला तरी शिक्षा जुन्या दंड संहितेच्या ३९२ किंवा ३९४ नेच द्यायची. 'हिसकावणे' हा वेगळा गुन्हा जुन्या संहितेत नव्हता, तो मागे नेऊन लावता येत नाही.

नव्या संहितेत कलम ३०४ खाली हिसकावण्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. कलम ३०९(४) ची जबरी चोरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची. तीच महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत झाली तर चौदा वर्षांपर्यंत. ३०९(६) म्हणजे जबरी चोरी करताना आपणहून दुखापत करणे; याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. प्राणघातक हत्यार वापरले किंवा गंभीर दुखापत केली तर कलम ३११ येते आणि सात वर्षांच्या खाली जाता येत नाही. हे किमान सात वर्षांचे ओझे ज्याने हत्यार वापरले त्याच्याच डोक्यावर असते. गाडी चालू ठेवून उभ्या असलेल्या साथीदारावर ते आपोआप जात नाही. पाच किंवा जास्त जण असतील तर तो दरोडा, त्याचे गणित वेगळे.

सगळ्यात जास्त गोंधळ ३०४ आणि ३०९ यांच्यात होतो. दुचाकीवरून येऊन मोबाइल ओढला, फिर्यादी तोल जाऊन पडला, कोपर खरचटले. ही जबरी चोरी झाली का? कलम ३०९ ला 'त्यासाठी' हा शब्द हवा असतो. चोरी करण्यासाठी किंवा माल घेऊन पळण्यासाठी आरोपीने मुद्दाम दुखापत केली, अडवले किंवा तत्काळ इजेची भीती घातली, हे पुराव्यात दिसले पाहिजे. झटक्याने झालेले खरचटणे आणि हात पिरगाळून मोबाइल सोडवून घेणे यांत तीन वर्षे आणि जन्मठेप इतके अंतर आहे. त्यामुळे दवाखान्याच्या दाखल्यातली जखम आणि फिर्यादीची साक्ष शेजारी ठेवून हा प्रश्न दोषसिद्धीच्या परिच्छेदातच संपवा. शिक्षेच्या परिच्छेदात तो 'सौम्य परिस्थिती' म्हणून घुसवला की अपिलात दोन्ही बाजूंनी मार बसतो.

महामार्गाबाबतही थोडी तपासणी लागते. जळगाव शहराच्या मधून महामार्ग गेला आहे. भुसावळ, पारोळा, धुळे, शिरपूर या भागात निम्मा बाजार महामार्गाला लागून असतो. घटना मुख्य रस्त्यावर की आतल्या गल्लीत, हे घटनास्थळ पंचनाम्यावरून ठरवा. वेळही पाहा. संध्याकाळचे सव्वासहा डिसेंबरात सूर्यास्तानंतरचे असतात, जूनमध्ये नसतात.

वय, आणि आपल्या अधिकाराची मर्यादा

गुन्ह्याच्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर प्रकरण बाल न्याय मंडळाचे. हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर काढता येतो. वयाचा पुरावा २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ च्या क्रमानेच घ्यायचा: शाळेचा किंवा दहावीचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या मुलांच्या दाखल्यावर 'एक जून' ही तारीख वारंवार भेटते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. कायद्याने तो दाखला पहिल्या क्रमांकावरच राहतो, पण वय अठराच्या आसपास असेल तर आश्रमशाळेचे मूळ प्रवेश रजिस्टर मागवा आणि नोंद कोणी, कशावरून केली ते विचारा.

दुसरी रेषा एकविसाची, परिविक्षेसाठी महत्त्वाची. ती गुन्ह्याच्या दिवशी पाहायची नसून न्यायालय दोषी ठरवते त्या दिवशी पाहायची (रामजी मिस्सर विरुद्ध बिहार राज्य, १९६३). खटला रेंगाळला की पोरगा ही रेषा ओलांडून जातो. बचावाच्या वकिलाने दोषारोप ठेवतानाच जन्मतारीख डायरीत मांडून ठेवावी. एकविसावे जवळ आले असेल तर खटला लवकर चालवण्याचा अर्ज देण्यात लाज नाही.

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड देता येतो, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याला सात वर्षांपर्यंत. प्रकरण तीन वर्षांपेक्षा जड वाटत असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम ३६४ प्रमाणे फक्त मत नोंदवून कागद आणि आरोपी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. आधी दोषसिद्धी जाहीर करून मग अधिकार अपुरा असल्याचे लक्षात येणे, ही नेहमीची चूक.

परिस्थितीला कागद जोडा

दोषसिद्धी सांगितल्यावर लगेच शिक्षा सुनावू नका. सुनावणीला वेगळी तारीख द्यावी, हे अल्लाउद्दीन मियाँ प्रकरणात (१९८९) सांगून झाले आहे. आणि ही सुनावणी उपचारापुरती नसावी, हे त्याही आधी संता सिंग प्रकरणात (१९७६). पिंजऱ्यातल्या पोराला "शिक्षेबद्दल काही सांगायचे आहे का?" असे मराठीत विचारले तर तो मान हलवतो किंवा अहिराणीत "माले काही सांगानं नही" म्हणून मोकळा होतो. पावरी किंवा भिली बोलणारा तेवढेही बोलत नाही. दुभाषा लावा आणि तुटक प्रश्न विचारा: घरात कोण कोण, कमावते कोण, मजुरी कुठली, आजारी कोण, किती दिवस कोठडीत होतास. उत्तरे त्याच्याच शब्दांत उतरवा.

आता एकेक गोष्ट.

*एकटाच कमावता.* रेशनकार्डावरची नावे आणि वये पाहा. बाप हयात, दोन भाऊ मजुरीला जातात, तर हा मुद्दा उरत नाही. मजुरीचा पुरावा म्हणजे केळी भरणाऱ्या टोळीच्या मुकादमाची हजेरी वही, जिनिंगमधला पगाराचा कागद, नाहीतर मुकादमाचे शपथपत्र. ऊसतोडीची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) अंगावर असेल तर ती कोणाकडून, किती, कधी घेतली हे लिहून आणा. उचल फेडायची घाई गुन्ह्याचे समर्थन करत नाही. पण बारा हजारांच्या उचलीखाली दबलेला आणि मौजेसाठी मोबाइल ओढणारा हे दोघे एका तागडीत घालता येत नाहीत.

*आजार.* नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, म्हणून तो मुद्दाही वारंवार येतो. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आल्याचा कागद पुरत नाही. त्यावरून वाहक आणि रुग्ण हा भेद कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा अहवाल हवा. त्यावर 'एएस' असेल तर तो वाहक, सहसा त्रास नसलेला. 'एसएस' असेल तर रुग्ण. आरोपी स्वतः रुग्ण असेल तर वेदनेचे झटके किती वेळा आले, रक्त किती वेळा चढवले, हे केसपेपरवरून दाखवा आणि कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल मागवा. बहीण किंवा आई रुग्ण असेल तर तिला रुग्णालयात नेणारे दुसरे कोणी आहे का, एवढाच प्रश्न महत्त्वाचा.

*व्यसन.* "दारूच्या नशेत होतो" हे शिक्षा कमी करण्याचे कारण नाही. आपणहून प्यायलेल्या दारूचे ओझे ज्याचे त्याने वाहायचे. जामिनावर असताना उपचार घेतले असतील, त्याच्या तारखा असतील, तर त्यांना वजन आहे.

*पश्चात्ताप.* शब्दाला किंमत नाही, कृतीला आहे. माल स्वतःहून काढून दिला की पोलिसांनी सराफाकडून वितळवलेल्या लगडीच्या रूपात आणला, हे जप्ती पंचनाम्यात दिसते. खटल्याआधी भरपाई जमा केली का? इथे एक आडवाट: कलम ३०४ चा दोषारोप असेल आणि फिर्यादी पुरुष असेल, तर दोषारोप ठेवल्यापासून तीस दिवसांत गुन्हा कबूल करून शिक्षेबाबत वाटाघाटीचा अर्ज करता येतो आणि पहिल्याच गुन्ह्यात शिक्षा एक षष्ठांशापर्यंत, म्हणजे सहा महिन्यांपर्यंत, खाली येऊ शकते. स्त्रीविरुद्धच्या गुन्ह्याला हे दार बंद आहे, त्यामुळे मंगळसूत्राच्या प्रकरणात हा अर्ज टिकत नाही. दहा वर्षांच्या ३०९ लाही नाही, कारण मर्यादा सात वर्षांची आहे.

*पहिलाच गुन्हा.* पोलिसांच्या पूर्ववृत्ताच्या यादीत पाच गुन्हे दिसतात. त्यांतले किती शाबीत झाले ते विचारा. प्रलंबित खटला म्हणजे दोषसिद्धी नव्हे. हद्दपारीचा आदेश म्हणजेही दोषसिद्धी नव्हे. अठराच्या आतला गुन्हा मोजायचाच नाही.

दुसरे पारडे

फिर्यादीचे नुकसान रुपयांत मोजून थांबू नका. आठवडे बाजारातून परतणाऱ्या मजुराचे अठराशे रुपये म्हणजे त्याचा आठवडा असतो. कापूस विकून निघालेल्या शेतकऱ्यावर बाजार समितीच्या दारापासून पाळत ठेवली असेल तर ते नियोजन आहे, आणि नियोजनासमोर 'मोहाला बळी पडला' हे म्हणणे टिकत नाही. नंबरप्लेट काढलेली किंवा चिखलाने माखलेली गाडी, म्हातारी किंवा एकटी बाई हेरणे, गळ्याला ओरखडे, टोळीत पुढाकार कोणाचा: हे सगळे शिक्षा वाढवणारे.

एक घोळ सतत होतो. जी गोष्ट कलमातच आहे तीच पुन्हा शिक्षा वाढवायला वापरली जाते. ३०९(६) मध्ये दोषी ठरवले आणि मग 'दुखापत केली म्हणून जास्त शिक्षा' लिहिले, तर एकच गोष्ट दोनदा मोजली. दुखापत किती खोल, बरे व्हायला किती दिवस, हे मात्र मोजता येते.

दोन्ही बाजू लिहून झाल्यावर आकडा टप्प्याटप्प्याने काढावा: आधी केवळ गुन्ह्याच्या स्वरूपावरून एक मुदत, मग वैयक्तिक परिस्थितीमुळे ती किती आणि कशासाठी खाली. कायदा ही पद्धत बंधनकारक करत नाही. पण निकाल वाचणाऱ्या सत्र न्यायाधीशाला आकडा कुठून आला ते यातूनच कळते.

परिविक्षा

१९५८ चा अपराधी परिविक्षा अधिनियम इथे सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वाचलेला. कलम ६ सांगते की एकविसाच्या आतल्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात पाठवायचे नाही. पाठवायचेच असेल तर कारणे लिहावी लागतात आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो. बंधपत्रावर सोडण्याचे कलम ४ कोणत्याही वयाला लागू आहे, तेही जन्मठेपेच्या गुन्ह्याला चालत नाही. म्हणजे ३०९(४) ला दोन्ही दारे उघडी, ३०९(६) ला दोन्ही बंद. वर कोपराच्या खरचटण्यावर इतका वेळ घालवला तो यासाठी.

किमान सात वर्षांच्या कलमाचे काय? जुन्या ३९७ खालच्या लखवीर सिंग प्रकरणात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने निम्मी शिक्षा भोगल्यावर कलम ४ चा लाभ दिला. त्यातला एक धागा असा की दंड संहिता १९५८ च्या आधीची होती, म्हणून नंतर आलेल्या अधिनियमाचा लाभ तिच्यातल्या किमान शिक्षेने अडत नाही. नवी संहिता २०२३ ची आहे, तेव्हा सरकार पक्ष हा फरक दाखवणारच. ३११ मध्ये परिविक्षा द्यायची किंवा नाकारायची, तर या युक्तिवादाला निकालात उत्तर द्या.

नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४०१ आणि हा अधिनियम एकाच आदेशात मिसळू नका. ४०१ मध्ये एकविसाच्या वरच्या पुरुषाला सात वर्षांपर्यंतच्याच गुन्ह्यात सवलत आहे. अधिनियमाच्या कलम ४ ला ती मर्यादा नाही. आणि परिविक्षा देता येत असून दिली नाही, तर कलम ४०२ प्रमाणे विशेष कारणे लिहिणे भाग आहे. 'गुन्हा गंभीर आहे' एवढे वाक्य म्हणजे विशेष कारण नव्हे.

अहवाल मागवताना नुसते 'अहवाल सादर करावा' लिहू नका, प्रश्न लिहा: राहतो कुठे, हंगामात कुठे जातो, काम देणारा कोण, घरात देखरेख कोणाची, फिर्यादीच्या गावाशी काही संबंध. धडगाव, अक्कलकुवा, चोपडा या डोंगरपट्ट्यात दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा दक्षिण महाराष्ट्रात जातात. जानेवारीत पाड्यावर गेलेल्या अधिकाऱ्याला कुलूप दिसते आणि अहवालात 'निश्चित वास्तव्य नाही' येते. इथे कलम ४ चे परंतुक दाखवा: निश्चित वास्तव्य किंवा नियमित काम आरोपीचे किंवा जामीनदाराचे असले तरी चालते. गावात राहणारा, सातबारा असलेला मामा जामीनदार म्हणून उभा केला की अडचण सुटते. अहवाल गोपनीय असतो. त्याचा आशय आरोपीला सांगून म्हणणे मांडायची संधी देता येते, पण त्याला निशाणी (पुराव्याचा) क्रमांक देऊन नकला वाटू नका.

समाजसेवेची शिक्षा हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. चोरीच्या प्रकारांत ती पाच हजारांच्या आतल्या साध्या, पहिल्या चोरीसाठी, तीही माल किंवा किंमत परत केल्यावर. हिसकावणे आणि जबरी चोरी यांना ती नाही.

भरपाई आणि आकडेमोड

भरपाईचा विचार केला आणि दिली किंवा नाकारली, याची कारणे प्रत्येक निकालात हवीत (अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २०१३). आरोपीची ऐपत विचारून आकडा ठरवा. त्याच्याकडून निघण्यासारखे नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे शिफारस करा. दंड एकदम भरता येत नसेल तर तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देता येतात. दंड न भरल्याची कैद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला नऊ महिन्यांपलीकडे नेता येत नाही. तीन हजारांच्या दंडापायी सहा महिने लिहिणे म्हणजे गरिबीलाच शिक्षा.

एक कल्पित उदाहरण. वीस वर्षांचा मजूर, कलम ३०९(४), आतल्या रस्त्यावर, हत्यार नाही, हात धरून अडवले, मोबाइल मिळाला, २,३०० रुपयांपैकी १,८०० गेले. २१४ दिवस कच्चा कैदी. बहीण सिकलसेल रुग्ण, कागद आहेत, आई मजुरीला जाते. अहवाल चांगला आला तर: "आरोपीस परिविक्षा अधिनियमाच्या कलम ४ अन्वये २५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर व तेवढ्याच रकमेच्या एका जामीनदारावर दोन वर्षांसाठी सोडण्यात येते. त्या मुदतीत तो परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहील. कलम ५ अन्वये फिर्यादीस ४,००० रुपये भरपाई द्यावी." बंधपत्र तीन वर्षांहून जास्त नको, देखरेख एक वर्षाहून कमी नको.

अहवालात पाळत ठेवल्याचे, टोळीशी संबंधाचे काही आले आणि कैदच द्यायची ठरली तर, समजा, अठरा महिने सक्तमजुरी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे कच्च्या कैदेची वजावट केल्यावर ५४८ मधून २१४ गेले, राहिले साधारण ३३४ दिवस. वजावटीचे दिवस कारागृहाच्या दाखल्यावरून आदेशातच आकड्यात लिहा. आरोपी दुसऱ्या खटल्यात आधीच शिक्षा भोगत असेल तर 'एकत्र भोगावी' हे शब्दही लिहा. ते विसरले की त्याच संहितेच्या कलम ४६७ प्रमाणे शिक्षा एकामागून एक लागतात. निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि फुकट द्यायची असते. जामिनावर असलेल्या आरोपीला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली तर अपिलापुरती स्थगिती तेच न्यायालय देऊ शकते; तो अर्ज वकिलाने निकालाच्या दिवशी खिशात ठेवावा.

बंधपत्र मोडले तर न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकते, किंवा पहिल्यांदाच चूक झाली असेल तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकते. १९५८ चा हा आकडा आजही पन्नासच आहे. पण बहुतेक बंधपत्रे नव्या गुन्ह्याने मोडत नाहीत. पोरगा ऊसतोडीला गेलेला असतो, समन्स पाड्यावरच्या कुलपाला लागते आणि वॉरंट निघते. म्हणून बंधपत्रावर घरच्या पत्त्यासोबत मुकादमाचे नाव, त्याचा फोन नंबर आणि हंगामातला साखर कारखाना हेही लिहून घ्या.